छोट्या गावाची तऱ्हेवाईक कादंबरी: अकरावीतल्या भाच्याला आणि अडुसष्ट वर्षांच्या आईला एकाच वेळी कशी आवडावी?

पोवई नाका (सातारा):

नमस्कार. गेली दोन वर्षे मी एक कादंबरी लिहीत आहे. ती कृष्णाकाठच्या एका कल्पित, तालुक्याच्या गावात घडते. गावात चार पेठा, एक घाट, एक जुने वाचनालय आणि एक बंद पडलेले चित्रपटगृह आहे. पात्रे मुद्दाम तऱ्हेवाईक घेतली आहेत. एक निवृत्त पोस्टमास्तर स्वतःच्याच पत्त्यावर पत्रे पाठवून पोचली की नाहीत ते तपासतो. एक वकील पोपटाला साक्ष द्यायला शिकवतो. तीन बहिणी ऐन उन्हाळ्यातही छत्री उघडल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. अशी एकूण एकतीस पात्रे आहेत.

गेल्या महिन्यात हस्तलिखिताच्या दोन प्रती काढून एक अकरावीतल्या भाच्याला आणि दुसरी आईला दिली. भाच्याने चाळिसाव्या पानावर प्रत मिटली आणि म्हणाला, ‘मामा, ही सगळी मंडळी स्नेहसंमेलनाला वेषभूषा करून आल्यासारखी वाटतात.’ आईने चिकाटीने शेवटपर्यंत वाचले, पण तिचा अभिप्राय मला अधिक लागला. ती म्हणाली, ‘तू या माणसांना हसतो आहेस. आपल्या गल्लीत एक मनाने दुबळा मुलगा होता, त्याला लोक असेच हसायचे.’

मला ही गोष्ट पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकांनी आणि मोठ्यांनी सारख्याच ओढीने वाचावी असे वाटते. तेव्हा प्रश्न असा की विक्षिप्तपणा किती असावा आणि तो कोठून आणावा? शिवाय गाव कल्पित ठेवावे की खरे घ्यावे, आणि भाषा पुस्तकी ठेवावी की इकडची, याबाबतही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. पात्रे कमी करा असा सल्ला येणार हे मी गृहीत धरले आहे. त्याच्या पुढचे सांगावे, ही विनंती.

हरिपूरकर (सांगली):

आपल्या भाच्याचे निदान अचूक आहे, आणि आईंचे त्याहून खोल आहे. माझ्या मते दोघांची तक्रार मुळात एकच आहे: आपण विक्षिप्तपणा माणसांच्या अंगावर घातला आहे, गावाच्या अंगात तो मुरलेला नाही. लहान गावाची खरी गंमत एखाद्या इरसाल माणसात क्वचितच सापडते. एखादी अजब गोष्ट सगळ्या गावाने मिळून, चेहऱ्यावरची रेघही न हलवता, वर्षानुवर्षे पार पाडावी आणि त्यात काही अजब आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नसावे, यात ती असते.

आमच्या सांगलीचेच पाहा. येथील गणपती मंदिरात भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे चतुर्थीच्या आधीच, एक गणपती येतो. त्याला वाजंत्री नाही की मिरवणूक नाही. तो गुपचूप येतो म्हणून त्याचे नाव चोर गणपती. तो केव्हा येणार हे साऱ्या शहराला ठाऊक असते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमीही असते, तरीही तो चोरच. आता अशाच एखाद्या गावात नव्याने बदलून आलेला फौजदार आणा आणि त्याला पहिल्याच आठवड्यात ‘उद्या पहाटे चोर येणार आहे, बंदोबस्त नको’ असा निरोप मिळू द्या. फौजदार अगदी साधा, कर्तव्यदक्ष माणूस असला तरी गोष्ट आपोआप चालू लागते, कारण वेडे गाव आहे आणि शहाणा तो एकटाच आहे.

आपल्या जिल्ह्यातलेही उदाहरण घ्या. खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात, हातवारे करतात आणि वाद्यांच्या गजरात एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला बोरीचा बार म्हणतात. बार झाला की त्या घरी जातात आणि उरलेले वर्ष दोन्हीकडे सोयरीक, बाजार, दुखणीखुपणी सुरळीत चालतात. यातल्या एकाही बाईला ‘विक्षिप्त’ म्हणता येणार नाही; कदाचित ओढ्याकाठी न येणारी सूनच गावाला विक्षिप्त वाटत असेल. त्या सुनेवर कादंबरी लिहिता येईल.

म्हणून माझा सल्ला असा की गावाला एकच मोठी तऱ्हा द्या आणि तिचे कारण कधीही समजावून सांगू नका. सोळा वर्षांच्या पात्राने ‘हे असे का?’ असे विचारावे आणि प्रत्येक वडीलधाऱ्याने त्याला वेगळे, पण तितक्याच ठामपणे उत्तर द्यावे. तरुण वाचकाला त्यात मोठ्यांची फजिती दिसेल. मोठ्या वाचकाला मात्र हे कळेल की आपणही आपल्या मुलांना अशीच ठाम उत्तरे दिलेली आहेत.

आणखी एक. गंमतीच्या शेजारीच दुःख ठेवायला कचरू नका. पावसाळ्यात आमच्याकडे माणसे भेटली की प्रकृती विचारण्याआधी ‘पाणी किती?’ असे विचारतात आणि उत्तर फुटांत येते. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी ४० फूट झाले की इशारा आणि ४५ फूट झाले की धोका, हे आकडे येथली पोरे पाढ्यांच्या बरोबरीने शिकतात. समजा, एखाद्या घरात दाराच्या चौकटीवर मुलाची उंची दरवर्षी पेन्सिलीने मांडतात आणि त्याच चौकटीवर २००५ च्या पुराची मातकट रेघही आहे. ‘अजून पुराएवढा झाला नाहीस’ असे त्या घरातली आजी नातवाला म्हणते. हे वाक्य विनोदी आहे की नाही, हे मी आपल्यावर सोपवतो.

जुना घाट (वाई):

हरिपूरकरांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ‘कारण कधीही सांगू नका’ हे मला पटत नाही. लेखकाला तरी कारण ठाऊक असावेच लागते. नाहीतर तऱ्हा दर प्रकरणाला आपले नियम बदलते आणि चाणाक्ष मुलांना ते सर्वांत आधी कळते. पोस्टमास्तर स्वतःला पत्रे पाठवतो, ठीक आहे. पण तिकिटांचा खर्च त्याच्या निवृत्तिवेतनाला झेपतो का, ती पत्रे कोण वाटतो, आणि वाटणाऱ्याला ते पाठ झाले आहे का? या प्रश्नांची उत्तरे गोष्टीत आली नाहीत तरी चालतील, लेखकापाशी मात्र ती हवीत.

खरे की कल्पित गाव याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या बाबतीत वाईचा माणूस जरा जास्त हळवा असतो. आमच्या घाटांवर हिंदी चित्रपटांची चित्रीकरणे इतकी होतात की ढोल्या गणपतीच्या देवळासमोरचा काठ कधी बिहारमधला ठरतो, कधी उत्तर प्रदेशातला. दुकानाच्या पाट्या रात्रीतून हिंदी होतात आणि सकाळी कोणी दूध आणायला निघाला तर त्याला ‘आपण चौकटीत येत आहात, बाजूला व्हा’ असे सांगितले जाते. स्वतःच्या गावात स्वतःलाच अडसर ठरणे हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला कळेल की खरे गाव कागदावर आले की काय होते. आपण साताऱ्याचे नाव घातलेत तर राजवाड्यापासून मोती चौकापर्यंतचा प्रत्येक वाचक फूटपट्टी घेऊन बसेल आणि निम्मे लोक पोस्टमास्तर नक्की कोण याचा शोध लावतील. आपल्या आईंना जी भीती वाटली ती येथे खरी ठरेल.

तेव्हा गाव कल्पित ठेवा, पण त्याच्या चारी बाजू खऱ्या ठेवा. त्याची एसटी कोठून सुटते, कोर्टाच्या तारखेला साताऱ्याला जावे लागते की कराडला, पाणी धरणाचे की पाटाचे, उन्हाळ्यात वारा कोणत्या डोंगरावरून येतो, हे पक्के असू द्या. सातारा शहराला कासच्या तलावाचे पाणी येते, ते यवतेश्वरच्या अंगाने उतरून. ज्या गावाचे पाणी वरून येते आणि ज्या गावाचे पाणी नदीतून उपसावे लागते, त्या दोन गावांची भांडणेही वेगळी असतात.

आणि तऱ्हेवाईकपणा शोधायला फार लांब जावे लागत नाही. मराठी विश्वकोशाचे काम आमच्या या एवढ्याशा गावात बसून झाले. पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढे एकूण वीस खंड झाले. साऱ्या जगाच्या ज्ञानाच्या नोंदी अकारविल्हे लावण्याचे काम ज्या गावात चालते, त्याच गावात शेजारच्या आळीत काल काय झाले याविषयी चार जणांचे चार वृत्तांत असतात. पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्याजवळच्या घाटावर एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर इकडे आलेली. चर्चची घंटा देवळाच्या आवारात निमूटपणे राहते आहे आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. अशा वस्तूवर लेखकाने बोट ठेवून ‘पाहा, किती अजब!’ असे म्हटले की ती मेली. तिच्याखाली पोरांना खेळू द्यावे आणि पुढे जावे.

माहुलीच्या संगमावर छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे, ती आपण पाहिली असेलच. त्याने महाराजांचा जीव वाचवला अशी कथा सांगतात. आपल्या पोपटाला साक्ष शिकवणाऱ्या वकिलापेक्षा ती समाधी मला अधिक बोलकी वाटते, कारण तिच्यामागे कृतज्ञता आहे आणि पोपटामागे फक्त लेखकाची हौस. हे जरा स्पष्टच लिहिले, राग नसावा.

देवघेव टेबल (मिरज):

मी एका वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीचे काम करते, त्यामुळे वाचकाच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे मुले सातवी-आठवीपर्यंत बालविभागात येतात. नववी-दहावीला शिकवण्यांमुळे नाहीशी होतात. त्यानंतर जी थोडी परत येतात त्यांना बालविभागाच्या कपाटाकडे पाहणेही कमीपणाचे वाटते, आणि मोठ्यांच्या कपाटांपुढे उभे राहिल्यावर काय उचलावे हे कळत नाही. पाठीवर ‘कुमारांसाठी’ असे छापलेले पुस्तक मात्र ती हमखास परत ठेवतात. म्हणून पहिली विनंती अशी की मुखपृष्ठावर किंवा मनोगतात वय लिहू नका.

दोन्ही वयांना एकच पुस्तक कसे चालते याचे उत्तर मला लंपन नावाच्या मुलाच्या कथांत सापडले आहे. त्यांचे लेखक प्रकाश नारायण संत कराडला भूशास्त्राचे प्राध्यापक होते, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. ‘वनवास’ १९९४ साली आले आणि त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा बोलतो आहे, आणि तो कधीही मोठ्यांना हसवण्यासाठी बोलत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक गोष्ट अत्यंत गंभीर आहे. शाळकरी वाचक त्याच्या बरोबरीने चालतो. चाळिशीतला वाचक त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहू शकतो आणि मुलाला न कळलेले त्याला कळते. एकच वाक्य दोन उंचींवरून वाचले जाते. आपल्या हस्तलिखितात, आपण केलेल्या वर्णनावरून वाटते, गावाकडे पाहणारा डोळाच नाही. आपणच गच्चीवरून पाहत आहात. एकतीस माणसे गच्चीवरून पाहिली तर त्यांच्या टोप्या आणि छत्र्याच दिसणार.

भाषेविषयी: निवेदन प्रमाण मराठीत राहू द्या, संवाद इकडचे असू द्या, परंतु ‘लई’ आणि ‘व्हय’ पेरले म्हणजे इकडची भाषा झाली असे समजू नका. आमच्या भागात, कोल्हापूरकडे तर फारच, अनेक मुली आणि बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे म्हणतात. मी स्वतः घरी तसेच बोलते आणि टेबलावर बसले की ‘मी देते’ म्हणते. मुद्रितशोधक हे ‘जातो’ चूक समजून दुरुस्त करतील, तेव्हा त्यांना आधीच बजावून ठेवा. एका क्रियापदाच्या शेवटावरून पात्र कोणत्या नदीकाठचे आहे हे वाचकाला समजते. त्यासाठी शिव्यांचा मारा करण्याची गरज पडत नाही.

मिरजेचे म्हणून एक सुचवते, घ्यावे की नाही ते आपण ठरवा. सतारमेकर गल्लीत वाळलेल्या भोपळ्यांच्या राशी असतात, त्यातून तंबोरे आणि सतारी होतात. कारागीर भोपळ्यावर टिचकी मारून तो कसा बोलेल याचा अंदाज घेतात. भाजीच्या दुकानात भोपळा घेताना ज्याचा हात आपोआप टिचकी मारायला जातो असा माणूस मला कोणत्याही पोपटवाल्या वकिलापेक्षा जवळचा वाटतो. (पोपटावर सगळेच तुटून पडलो आहोत, याची जाणीव आहे.)

माणदेशी (आटपाडी):

थोडक्यात लिहितो. आमच्या तालुक्यात स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ साली, कैद्यांना तुरुंगाच्या भिंतीशिवाय, शेतीवर ठेवण्याचा प्रयोग येथे सुरू झाला आणि ती वसाहत आजही आहे. बाहेरच्या माणसाला ही कल्पना ऐकूनच हसू येते: कुंपण नसलेला तुरुंग! पण त्यामागे माणसावर विश्वास टाकून पाहण्याचा अतिशय गंभीर हेतू होता. तऱ्हेवाईक गोष्टीला असा एखादा गंभीर हेतू नसेल तर ती तीस पानांच्या पुढे टिकत नाही. आपल्या छत्रीवाल्या बहिणी कशापासून वाचू पाहत आहेत, एवढेच मला विचारायचे आहे.

पोवई नाका (सातारा):

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून दोन दिवस काही लिहिले नाही, नंतर एकतीसपैकी सव्वीस पात्रे काढून टाकली. पोपट गेला. वकील राहिला आहे, पण आता तो साधा वकील आहे. बहिणींच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, म्हणून त्याही गेल्या. गाव नदीच्या खालच्या अंगाला, हळदीच्या पट्ट्याकडे सरकवले आहे, कारण हरिपूरची पेवे, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारे, लहानपणी पाहिली होती ती आठवली. निवेदन आता एका मुलीकडे दिले आहे. नवी सुरुवात खाली देत आहे.

‘आमच्या गावात भांडण दिवेलागणीपर्यंत मिटले नाही तर ते कागदावर लिहून पेवात टाकावे लागते. कागद एकच असतो. एकाने वरून खाली लिहीत यायचे, दुसऱ्याने खालून वर, आणि दोघांची अक्षरे जेथे भिडतील तेथे घडी घालून हळदीच्या दोऱ्याने गाठ मारायची. त्यानंतर त्या विषयावर बोलायचे नाही. पेव उघडते ते कन्यागताला, म्हणजे गुरू कन्या राशीत आला की, बारा वर्षांनी. तेव्हा सगळे कागद घाटावर मोठ्याने वाचून दाखवतात आणि बहुतेक वेळा लोक इतके हसतात की पुढचे ऐकूच येत नाही. मागचे कन्यागत २०१६ साली झाले तेव्हा मी चार वर्षांची होते आणि मला त्यातले फक्त जिलेबी आठवते. या वेळी मी सोळा वर्षांची आहे. पेवाचे तोंड अरुंद, आणि आमच्या घरात, ज्या घराकडे पेवाची किल्ली आहे, त्यात उतरण्याइतके शिडशिडीत दुसरे कोणी नाही. आजोबांनी दगड सरकवला. “मी उतरतो,” मी म्हणाले आणि आजीने माझा हात धरला. ती म्हणाली, “सगळे कागद आण. एक सोडून.” कोणता ते तिने सांगितले नाही, आणि मी दोर धरून लगेच खाली उतरले.’

भाच्याला वाचून दाखवले. त्याने पुढची पाने मागितली. ती अजून लिहिलेली नाहीत. आई काही बोलली नाही, पण माझ्या मावशीशी तिचे कित्येक वर्षे बोलणे नव्हते, त्याविषयी तिने रात्री आपणहून विषय काढला.

देवघेव टेबल (मिरज):

‘फक्त जिलेबी आठवते’ येथे ‘आठवतात’ की ‘आठवते’ असा वाद मुद्रितशोधक घालतील. आठवतेच ठेवा. पुढची पाने झाली की एक प्रत आमच्या टेबलावरही पाठवावी.

हरिपूरकर (सांगली):

सुरुवात उत्तम झाली आहे, म्हणूनच दोन चुका दाखवतो.

पहिली चूक जिवावर बेतणारी आहे. बंद पेवात उघडल्याबरोबर कोणी उतरत नाही. आतली हवा कोंडलेली असते. तोंड उघडून बराच वेळ तसेच ठेवावे लागते आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. आपल्या नायिकेला पहिल्याच पानावर गुदमरवायचे नसेल तर आजोबांनी दगड सरकवल्यावर सगळ्यांना तेथे ताटकळत बसवा. आजीला जे बोलायचे आहे ते बोलायला तिला तेवढा वेळ मिळेल, आणि न बोलता गप्प बसायचे असेल तर त्यालाही.

दुसरी चूक मोठी आहे. २०१६ ते २०२८ या बारा वर्षांच्या मधे २०१९ चा पूर येतो. पेवांची माती हळद वर्षानुवर्षे कोरडी ठेवते हे खरे, पण नदीच पेवात उतरली तर मातीचा इलाज चालत नाही. २००५ साली हरिपुरात ते आम्ही पाहिले आहे. म्हणजे कंदील न विझता मुलगी सुखरूप खाली पोचली तरी तिच्या हाती लगदा आणि शाई धुऊन गेलेले कागद लागतील. हळदीच्या दोऱ्याच्या गाठी तेवढ्या शाबूत राहतील. वर घाटावर अख्खे गाव बसले आहे, आणि आजीला एक कागद नको आहे.

ती वर येऊन काय वाचून दाखवते, ते आधी ठरवा आणि मगच दुसऱ्या प्रकरणाला हात घाला.